ध. दा. की दा. ध.? गोव्यात एका नावाची अनेक माणसं

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची यादी संगणकावर चढवायचं काम चालू आहे. दर रविवारी सकाळी कॉलेजची दोन-तीन मुलं येतात. मी कपाटातून पुस्तकं काढून, धूळ झटकून त्यांच्यापुढे ठेवतो आणि ती टाइप करतात. मागच्या महिन्यात 'क' अक्षराचं कपाट निघालं. एका मुलीने लेखकाच्या रकान्यात इंग्रजीत 'डी. डी. कोसंबी' असं लिहिलं आणि पडद्यावर तीन पुस्तकं एकाखाली एक उभी राहिली: 'भगवान बुद्ध', 'निवेदन' आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा एक इंग्रजी ग्रंथ.

"काका, हे सगळं एकाच माणसाने लिहिलं?"

नाही, दोघांनी. पहिली दोन पुस्तकं बापाची, तिसरं मुलाचं.

बाप म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी. १८७६ साली गोव्यातल्या सांकवाळला जन्मले. घरी नारळाची बागायत होती, संसार होता, पण बुद्धाविषयी वाचलेलं डोक्यातून जाईना. घर सोडून निघाले ते पुणे, काशी, नेपाळ करत थेट सिलोनला पोचले. तिथे पाली शिकले, भिक्खू झाले. पुढे 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधित प्रतीचं काम करायला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला.

मुलगा म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, कोसबेंचा. शाळकरी वयात वडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. विषय गणित. परत आल्यावर बनारस आणि अलीगढ करून तेही फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला लागले. पुढे १९४५ ते १९६२ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. जनुकांमधलं अंतर मोजायचं त्यांचं सूत्र आजही आनुवंशशास्त्रात 'कोसंबी फंक्शन' म्हणून शिकवतात. जुनी चांदीची नाणी हजारोंनी तराजूत तोलून, झिजेवरून ती किती काळ बाजारात फिरली याचा हिशेब त्यांनी मांडला. त्यातून ते इतिहासाकडे वळले. १९६६ मध्ये पुण्यात वारले.

आता हे दोघे शेजारी ठेवून बघा. आडनाव एक. हार्वर्ड दोघांच्याही आयुष्यात, फर्ग्युसनही दोघांच्या. इंग्रजी आद्याक्षरं तर हुबेहूब तीच, डी. डी. त्या मुलीची चूक नव्हती. इंग्रजीत 'ध' आणि 'दा' दोन्ही एकाच अक्षरात मावतात. आपल्या लिपीत मात्र बाप 'ध. दा. कोसंबी' आणि मुलगा 'दा. ध. कोसंबी'. देवनागरीत लिहिलं असतं तर हा गोंधळ झालाच नसता. मी त्या रविवारी मुलांना एवढंच सांगितलं की यादी मराठीतून टाइप करा. पण हा प्रश्न लिपीपुरता नाही, आणि गोव्यात तर तो फार जुना आहे. म्हणून जरा नीट समजावून सांगावंसं वाटतं.

आधी नावं सारखी का होतात ते बघू. कोसंबींच्या घरातच त्याचं उत्तर आहे. आजोबा दामोदर, मुलगा धर्मानंद, नातू पुन्हा दामोदर. आजोबांचं नाव नातवाला लावायची रीत आपल्याकडे घरोघरी होती, अजूनही आहे. त्यामुळे एकच नाव एका आडनावात पिढीआड परत येत राहतं. त्यात नावं निवडायची ती देवळावरून. जांबावलीचा दामोदर, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशीचा मंगेश, बांदिवड्याचा नागेश, सावईवेऱ्याचा अनंत. एकेका देवाचे महाजन आणि कुळावी, म्हणजे त्याला कुलदैवत मानणारी घरं, शेकड्यांनी. प्रत्येक घरात एक तरी दामोदर, एक तरी शांता. ख्रिस्ती घरांत हेच काम संतांची नावं करतात. ३ डिसेंबरचं फेस्त ज्याचं, त्या फ्रान्सिस झेवियरवरून फ्रान्सिस, फ्रान्सिस्को, झेवियर.

सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीतही होती. मग सासऱ्याचंच नाव ठेवलेल्या मुलाला ती हाक कशी मारणार? म्हणून त्याला बाबू, बाब, भाई असं काहीतरी टोपणनाव पडायचं, आणि गावात तो त्याच नावाने ओळखला जायचा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांना भाऊसाहेब म्हणायचे, त्यांच्या कन्या शशिकलाताईंना नुसतं ताई, कवी बाळकृष्ण भगवंत बोरकरांना बाकीबाब. आपुलकीची ही नावं ओळखीच्याही कामाची होती. दहा दामोदरांत 'बाबू' म्हटलं की नेमका कुठला ते वाड्यात सगळ्यांना कळायचं.

थोडं गणित सांगतो, सोपं आहे. समजा एका गावात पुरुषांची २० नावं आणि १० आडनावं चालतात. नाव-आडनावाच्या जोड्या झाल्या २००. आता किती पुरुष एका मंडपात जमले की त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचं नाव-आडनाव सारखं निघायची शक्यता निम्म्याहून जास्त होईल? लोक म्हणतात शंभर. उत्तर आहे १७. कारण आपण 'माझं नाव कुणाचं आहे का' असं विचारत नाही, 'कुठल्याही दोघांचं जुळतं का' असं विचारतो. सतरा माणसांत दोघा-दोघांच्या १३६ जोड्या पडतात आणि प्रत्येक जोडीला दोनशेत एक संधी असते. हा हिशेब सगळी नावं सारखीच लोकप्रिय आहेत असं धरून केला. खऱ्या गावात दामोदर दहा आणि एखादं आगळं नाव एक असं असतं, म्हणजे नाव त्याहूनही लवकर जुळतं.

आता आडनावं. गोव्यात अनोळखी माणूस भेटला की दोन प्रश्न हमखास येतात: 'तूं खंयचो?' आणि 'कोणालो?' गाव कुठलं आणि मुलगा कुणाचा. माझ्या मते गोव्यातली बहुतेक आडनावं म्हणजे या दोन प्रश्नांची गोठून राहिलेली उत्तरं आहेत.

'कर' लागलेली आडनावं 'खंयचो' सांगतात. बोरीचे बोरकर, काकोड्याचे काकोडकर, केरीचे केरकर. पण आडनाव गावाचं असेल तर ते त्या गावातून बाहेर पडलेल्या सगळ्यांचं होतं, मग नात्याचा संबंध असो वा नसो. बोरकर घ्या. बाकीबाब कवी. तुळशीदास बोरकर हार्मोनियमवादक, पद्मश्री. वीरेश बोरकर सांत आंद्रेचे आमदार. एका आडनावात कविता, पेटी आणि विधानसभा. काकोडकर घ्या. पुरुषोत्तम काकोडकर स्वातंत्र्यसैनिक आणि खासदार, त्यांचे चिरंजीव अनिल काकोडकर अणुशास्त्रज्ञ, आणि शशिकला काकोडकर गोव्याच्या मुख्यमंत्री, त्या लग्नाने काकोडकर, माहेरच्या बांदोडकर.

केरकरांचं तर आणखी पुढचं. गोव्यात केरी हे गावच एक नाही, तीन आहेत. एक पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी, एक सत्तरीत चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आणि एक फोंड्यात. सूरश्री केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या. म्हादई नदीसाठी आणि रानांसाठी आयुष्य वेचणारे राजेंद्र केरकर सत्तरीच्या केरीचे. आडनाव तेच, पण 'खंयचो'चं उत्तर वेगळं. शिवाय सुबोध केरकर आहेत, शिक्षणाने डॉक्टर, कामाने चित्रकार, पिळर्णला त्यांनी 'म्युझियम ऑफ गोवा' उभारलं. केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत बसून अंतराळात गेली. पहिलं यान ऑगस्टमध्ये सुटलं, दुसरं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या गावाचं नाव त्या आडनावातून सूर्यमालेच्या बाहेर पोचलं आहे. हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

ख्रिस्ती आडनावं 'कोणालो' सांगतात, पण उत्तर गोव्यातलं नाही. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. शेवटचा तो 'स' मुलगा असल्याची खूण. हा फर्नांदो पोर्तुगालमधला, कित्येक शतकांपूर्वीचा. सोळाव्या शतकात गोव्यात सामुदायिक बाप्तिस्मे झाले तेव्हा पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव त्या घराला लागलं. एकाच पाद्रीने गावंच्या गावं बाटवली असतील तर शेजारच्या दहा घरांचं आडनाव एक झालं, आणि एकाच जुन्या कुळाच्या दोन शाखा दोन आडनावांत विभागल्या गेल्या. म्हणून साष्टी-बारदेश या तालुक्यांत आडनावावरून नातं सांगता येत नाही. तिथे घराला टोपणनाव असतं, वाड्याचं नाव असतं, आणि खरी ओळख त्यावरून पटते.

मग डिसोझा आडनावाच्या फ्रान्सिसांत कोण कोण निघतात? फ्रान्सिस न्यूटन सोझा, साळगावचे, १९४७ मध्ये मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' उभा करणारे चित्रकार. त्यांचं नाव आधी नुसतं न्यूटन होतं. लहानपणी देवीच्या आजारातून वाचले म्हणून आईने फ्रान्सिस झेवियरच्या नावे फ्रान्सिस जोडलं. दुसरे फ्रान्सिस डिसोझा, एकेकाळचे म्हापशाचे आमदार आणि गोव्याचे उपमुख्यमंत्री. तिसरे फ्रान्सिस्को डिसोझा, नैरोबीत जन्मलेले, मूळ घराणं गोव्याचं, कॉग्निझंट कंपनीचे कितीतरी वर्षं मुख्य अधिकारी. जुन्या गोव्यात तर संतांचंच नामसाम्य आहे. से कॅथेड्रलला लागून असलेली फ्रान्सिसची इगर्ज, म्हणजे चर्च, असीसीच्या फ्रान्सिसची, तेराव्या शतकातल्या. रस्त्यापलीकडे बॉम जीझसमध्ये ज्यांचं शव आहे ते झेवियर, सोळाव्या शतकातले. पर्यटकांना पहिल्या इगर्जीत उभं राहून 'शव कुठे आहे' असं विचारताना मी स्वतः पाहिलं आहे.

नामसाम्यात मला सर्वांत जवळचे वाटतात ते अँथनी गोन्साल्विस. १९२७ मध्ये माजोर्ड्याला जन्मलेले व्हायोलिनवादक, मुंबईच्या सिनेसंगीतातले मोठे संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायकाचं आडनाव आधी फर्नांडिस ठरलं होतं. गाण्यात ते नीट बसेना, तेव्हा प्यारेलालना आपले गुरू आठवले आणि फर्नांडिसचा गोन्साल्विस झाला. देशभर ते नाव लोकांच्या ओठांवर आलं, पण ते एका मवाल्या दारूवाल्याचं म्हणून. त्या नावाचा खरा माणूस हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायला आयुष्यभर झटला आणि २०१२ मध्ये वारला, हे कितीजणांना ठाऊक आहे? शिष्याने प्रेमाने नाव दिलं, यात शंका नाही. पण पडद्यावरचा अँथनी इतका मोठा झाला की माजोर्ड्याचा अँथनी त्याच्यामागे दिसेनासा झाला. नावाच्या दोन धन्यांतला एक फार प्रसिद्ध असला की दुसऱ्याचं काम असं झाकलं जातं. त्याच माजोर्ड्याचे दामोदर मावजो, ज्ञानपीठ मिळालेले कोकणी कथाकार. दामोदर म्हणून शोधू गेलात तर कोसंबी आणि मावजो शेजारी-शेजारी येतात. आडनावं वेगळी म्हणून निभावतं.

आता उपाय. यादी करणाऱ्याच्या दृष्टीने चुका दोन प्रकारच्या. एक, दोन माणसं एका नावात मिसळणं, म्हणजे आमच्या पडद्यावर झालं ते. दुसरी, एक माणूस दोन नावांत फुटणं. ही दुसरी चूक गोव्यात फार, कारण पोर्तुगीज कारभारात आपली आडनावं त्यांच्या कानांनी लिहिली गेली. शेणवीचा 'सिनाय' झाला, प्रभूचा 'पोरोबो', कामतचा 'कामोतीं'. नाईक रोमन लिपीत शेवटी 'क्यू' घेऊन आला, कारण पोर्तुगीज 'के' वापरत नसत. आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, नातवाच्या पासपोर्टवर तिसरं. मग घर नावावर करताना किंवा परदेशी जाताना 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं अॅफिडेव्हिट करायला वकिलाकडे धाव. कधीकधी माणूस स्वतःहूनही फुटतो. दा. ध. कोसंबींनी आपले काही गणिती लेख एस. ड्यूक्रे या नावाने छापले. तियात्रातले, म्हणजे कोकणी रंगभूमीवरचे, एम. बॉयर यांचं घरचं नाव मान्युएल सांतान आगियार.

ग्रंथपालांनी यावर जुनी युक्ती काढली: नावासोबत जन्म-मृत्यूची सालं लिहायची. 'कोसंबी, धर्मानंद दामोदर, १८७६–१९४७' आणि 'कोसंबी, दामोदर धर्मानंद, १९०७–१९६६'. एका व्यक्तीची सगळी नावं एका पक्क्या नोंदीला बांधायची, म्हणजे ड्यूक्रे शोधणाराही कोसंबींपाशी पोचतो. संशोधकांसाठी २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा घरांचा क्रमांक आहे. तो ज्याचा त्याने फुकट काढायचा आणि प्रत्येक लेखावर लावायचा. त्याचं शेवटचं घर आधीच्या पंधरा आकड्यांवरून काढलेलं असतं, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर संगणकाला लगेच कळतं. आमच्याकडे शोधनिबंध लिहिणाऱ्या नाईक, गावकर, देसाई मंडळींनी हा क्रमांक काढायलाच हवा. नाहीतर मेहनत एकाची आणि श्रेय दुसऱ्याच्या खात्यात, असं सहज होतं. दाखल्यांतलं स्पेलिंगही आयुष्यभर एकच ठेवावं. तुमचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तर तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस फुटबॉल खेळतो, आणि नैरोबीत जन्मलेला गोंयकार वंशाचा ब्रेंडन फर्नांडिस अमेरिकेत नृत्य आणि दृश्यकला करतो. बोलताना कुणाला फरक कळणार?

निवडणुकीत हा विषय आणखी धारदार होतो. मतदारसंघ लहान असल्याने गोव्यात थोड्या मतांवर निकाल फिरतो. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, फोंड्याचा ७७ मतांनी. अशा ठिकाणी बड्या उमेदवाराच्या नावाचा दुसरा माणूस उभा केला तर नुसत्या गोंधळानेच निकाल फिरू शकतो. १९६१ च्या निवडणूक नियमांत याची तरतूद आहे: दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर त्यांचा व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण जोडून, नाहीतर दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने त्यांना वेगळं दाखवायचं. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो. अशा नावबंधूंना उभंच राहू देऊ नये अशी याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती ऐकली नाही. आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाचा उभं राहण्याचा हक्क कसा काढून घ्यायचा, असा न्यायमूर्तींचा सवाल होता. मला तो पटतो.

रुग्णालयांत तर नुसत्या नावावर कुणाला औषध द्यायचं नाही, नावासोबत जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक अशी दुसरी खूण जुळवायचीच, असा जगभरचा नियम आहे. तो का हवा ते आमच्या घरी नीट माहीत आहे.

माझ्या बाबांचं नाव दामोदर. आडनाव गोव्यात शेकड्यांनी सापडेल असं. तीन वर्षांपूर्वी एका इस्पितळात त्यांच्या रक्ताची तपासणी केली. संध्याकाळी खिडकीवर नाव पुकारलं, मी पाकीट घेतलं, घरी आलो. कागदावर जेवणानंतरची साखर २८०. बाबांना साखर कधीच नव्हती. आई रडायला लागली. मी कागद उजेडाला धरून पुन्हा वाचला तेव्हा वयाचा आकडा दिसला, ६६. बाबा त्या वर्षी ७३ पूर्ण झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेऊन परत गेलो. बाकावर आधीच एक गृहस्थ बसले होते, हातात तसंच पाकीट. खिडकीतून पुन्हा तेच नाव आलं आणि दोघेही एकदम उठले. मग दोघेही थांबले आणि एकमेकांकडे बघायला लागले.

"तुमी खंयचे?" बाबांनी विचारलं.

"शिरोडेचो." ते कदंब बसचे निवृत्त ड्रायव्हर होते, मडगाव-पणजी रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवलेले. बाबा प्राथमिक शाळेचे मास्तर. पाकिटांची अदलाबदल झाली. त्यांनी आपला आकडा वाचला आणि काही वेळ काही बोलले नाहीत. बाबांनी त्यांना बाजूला बसवलं, पाणी दिलं, मला चहा आणायला पाठवलं. मी परत आलो तेव्हा दोघे शिरोड्याच्या कामाक्षीच्या जत्रेबद्दल बोलत होते.

अजून दर महिन्याला त्यांचा फोन येतो. बाबांच्या मोबाइलवर त्यांचं नाव 'दामोदर शिरोडा कदंब' असं दिसतं. त्यांच्या मोबाइलवर बाबा 'दामोदर मास्तर' आहेत.